हिशेब, हिशोब

सोहारच्या बंदरामागे पत्र्याचं ऑफिस,
एसीच्या गळतीखाली बादली,
आणि पगाराची स्क्रिप्ट.
अकरा वर्षं, दर महिन्याच्या पंचविसाव्या रात्री
चालते. कधी अडली नव्हती.

ही भाषा सैल स्वभावाची.
आधी कुणाला विचारत नाही, बाबा, तू आहेस ना.
ओळ येईल तेव्हा नाव घेऊन हाक मारते
आणि ओ आली नाही
तर जागच्या जागी आडवी होते.
पण ओळ आलीच नाही, तर
चुकलेलं नाव वर्षानुवर्षं सुखात पडून राहतं,
कस्टममध्ये कुणी सोडवायला न आलेल्या पेटीसारखं.

वीस वर्षं पुरी झालेल्या माणसासाठी
एक फाटा होता तिच्यात.
तिथवर कुणी पोचत नसे.
माणसं सातव्या वर्षी, नवव्या वर्षी घरी जातात,
किंवा शेजारच्या स्मेल्टरमध्ये.

मग गुरुवारी दुपारी शफी परकार आले काउंटरवर.
फुरूसचे, तालुका खेड.
क्रेनखाली दोर बांधायचं काम.
मस्कतची बस साडेचारला.
मी कळ दाबली. लाल ओळ आली:
शेवटचा_हिशोब नावाचं इथे काही नाही.

"नाही कसं?" खमीस अल-बादीनं वाकून पाहिलं.
इंग्रजी अक्षरांत आमचं मराठी,
त्याला दोन्ही सारखंच अगम्य.

होतं. दुसऱ्या फाइलीत, चारशे ओळी खाली,
ठोंबऱ्यांनी कॅनडाला जाण्याआधी नीट लिहिलेलं:
शेवटचा_हिशेब.
आणि हाक मारणारी मी,
माझ्या इथल्या दुसऱ्या महिन्यात.
आमच्या घरी हिशोबच म्हणत.
शाळेतल्या बाईंनी दोन्हींवर बरोबरची खूण केली असती.
यंत्राच्या लेखी मात्र ही दोन माणसं,
एक हयात,
एक जन्मलंच नाही.

कागद घेतला. मूळ पगार, वीस वर्षं,
न घेतलेली रजा, खाली बैशांपर्यंत.
"हिशेब म्हणा नाय तर हिशोब," परकार म्हणाले,
"आकडा तोच येतो ना, बाई?"
तोच आला. तरी मी दोनदा बेरीज केली.
चार वाजून वीस मिनिटांनी त्यांची सही.

त्या रात्री मी स्क्रिप्ट चालवली नाही.
वाचायला लावली.
एका बाजूला, जी नावं कुठेतरी लिहून ठेवलीत ती.
दुसऱ्या बाजूला, ज्यांना कुणी ना कुणी हाक मारतं ती.
मग वजाबाकी.
चाळीस ओळींची चाळण, फार शहाणी नव्हे.
काही हाका ऐन वेळी तुकडे जोडून होतात,
भत्ता अधिक महिन्याचं नाव,
त्या निसटल्याच असतील.
काही परकी नावं उगाच पकडली गेली,
ती मी हातानं सोडून दिली.

उरली अकरा.
दहा बोटं घसरल्याची,
रजेचा राजा झालेला, पगाराचा पागर.
अकरावं बरोबर लिहिलेलं होतं,
एक अक्षर इकडचं तिकडे नाही:
घरी_कळवा.

अपघाताच्या फाट्यात, सगळ्यात शेवटी,
कुणीतरी हाक मारून ठेवलेली.
आणि अख्ख्या कोडात, जुन्या प्रतींत,
ठोंबऱ्यांच्या 'नंतर बघू' फोल्डरमध्येही
ते कुणी लिहिलंच नव्हतं.

दहा दुरुस्त्यांना पाच मिनिटं लागली.
अकराव्यापाशी कंस उघडला, मिटला.
आत काय घालायचं?
नंबरांचा तक्ता काढला. चारशे बारा माणसं.
एकसष्ट जणांसमोर रकाना रिकामा,
सात जणांसमोर
आमच्याच ऑफिसचा नंबर.

रविवारी पहाटे पाचच्या शिफ्टला
मी वही घेऊन गेटवर उभी राहिले.
पहिल्यानंच विचारलं, काय झालं? कुणाला?
काही नाही, म्हटलं.
घरचा नंबर सांगा.
आणि फोन कोण उचलतं त्याचं नाव,
सावकाश, एकेक अक्षर.